मेंढा (लेखा) : गटग्रामपंचायतीतल्या एका लहान गावाचा स्वशासनापर्यंतचा प्रवास

मेंढा (लेखा) हे महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातले गोंड आदिवासींचे लहान गाव आहे. जिल्ह्याच्या मुख्यालयापासून सुमारे तीस किलोमीटर अंतरावर असलेल्या या गावात शंभराच्या आसपास कुटुंबे असून लोकसंख्या पाचशेच्या आत-बाहेर आहे. गोंडी ही येथील बोलीभाषा. जिल्ह्यात मेंढा नावाची इतरही गावे असल्याने शेजारच्या लेखा गावाचे नाव कंसात जोडून त्याची ओळख सांगितली जाते. ही जोडओळख गावाच्या प्रशासकीय स्थितीचीही निदर्शक होती, कारण अनेक दशके मेंढ्याला स्वतःची ग्रामपंचायत नव्हती. त्याचा कारभार लेखा येथील गटग्रामपंचायतीतून चालत असे.

देशाच्या स्थानिक स्वराज्याच्या चर्चेत हे लहानसे गाव वारंवार येते. सामूहिक वनहक्काची मान्यता देशात सर्वप्रथम ज्या गावांना मिळाली, त्यांपैकी ते एक आहे. परंतु त्याहून मूलभूत असा एक प्रश्न या गावाने उभा केला. ज्या वस्तीला स्वतंत्र पंचायत नाही, तिच्या जंगलाविषयी, जमिनीविषयी आणि निधीविषयी निर्णय कोणी घ्यावा? महाराष्ट्रातील वाड्या, पाडे, तांडे आणि टोले यांच्यापुढे, तसेच मध्य प्रदेशातील मजरे-टोल्यांपुढे आजही हाच प्रश्न आहे.

महसुली गाव, वाडी आणि पंचायत

‘गाव’ हा शब्द बोलीत एका अर्थाने आणि कायद्यात अनेक अर्थांनी वापरला जातो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार महसुली गाव म्हणजे जमिनीच्या नोंदींचे एकक होय. त्याला स्वतःचा नकाशा, गट क्रमांक आणि सातबारा असतो. जनगणना मुख्यतः हेच एकक धरते. ग्रामपंचायत अधिनियमातील ‘गाव’ मात्र निराळे आहे. १९५८ च्या या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार राज्य शासन एक महसुली गाव, अनेक महसुली गावांचा समूह किंवा महसुली गावाचा एखादा भाग अधिसूचनेद्वारे पंचायतीसाठी गाव म्हणून घोषित करते. दोन किंवा अधिक गावांची मिळून जी पंचायत होते, तिला व्यवहारात गटग्रामपंचायत म्हणतात.

या दोन व्याख्यांमधील अंतर आकड्यांतून स्पष्ट होते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ४३,६६३ गावे असून त्यांपैकी ४०,९५९ गावांत वस्ती आहे. ग्रामपंचायतींची संख्या मात्र सुमारे २८ हजार आहे. याचा अर्थ असा की, बारा हजारांहून अधिक गावांचा कारभार दुसऱ्या गावाशी जोडलेला आहे. महसुली दर्जाच न मिळालेल्या वाड्या-पाड्यांचा यात समावेश नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात हे अंतर आणखी मोठे आहे. तेथे वस्ती असलेली गावे सुमारे ५२ हजार, तर ग्रामपंचायती सुमारे २३ हजार आहेत.

स्वतंत्र ग्रामपंचायतीसाठी लोकसंख्येची अट असते. महाराष्ट्रात सर्वसाधारण भागात साधारणतः दोन हजार आणि आदिवासी व डोंगरी भागात एक हजार लोकसंख्येचा निकष शासनाने ठेवला आहे. पाचशे लोकवस्तीचे गाव या अटीत बसणे शक्य नाही. एका पंचायतीत कमीत कमी सात आणि जास्तीत जास्त सतरा सदस्य असतात. लहान गावाच्या वाट्याला त्यांतील दोन-तीन जागा येतात. सरपंचपद, ग्रामसेवकाचे कार्यालय, दप्तर आणि बँक खाते बहुधा मोठ्या गावात राहते. रस्ता, नळयोजना, घरकुलांची यादी किंवा तेंदूपानाचा हंगाम असा कोणताही विषय आला, तरी लहान गावाचे म्हणणे मोठ्या गावाच्या बहुमतासमोर मांडावे लागते. गटग्रामपंचायत कायदेशीर आहे आणि प्रशासनाच्या सोयीचीही आहे. पण अशा रचनेत एखाद्या वस्तीचे मत कायम अल्पमतात राहू शकते.

मध्य प्रांताचा वारसा

मेंढ्याचा प्रश्न समजून घेण्यासाठी मागे जावे लागते. १९५६ पर्यंत आजचा गडचिरोली परिसर चांदा जिल्ह्याचा भाग होता आणि चांदा व जबलपूर हे दोन्ही जिल्हे एकाच प्रांतात होते. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. प्रांतात मालगुजारी व जमीनदारी पद्धत होती. जंगलातून सरपण, बांबू, गवत, घरासाठी लाकूड नेण्याच्या गावकऱ्यांच्या वहिवाटीला ‘निस्तार’ म्हणत. हा शब्द जबलपूर-मंडल्यापासून गडचिरोलीपर्यंत आजही प्रचलित आहे.

१९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजार व जमीनदार यांचे हक्क संपुष्टात आले आणि त्यांच्या ताब्यातील जंगले राज्याकडे आली. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा मोठा सुधार होता. जंगलावर जगणाऱ्या गावांचा अनुभव मात्र संमिश्र राहिला. निस्ताराच्या नोंदी कागदावर टिकल्या, परंतु जंगलाचे व्यवस्थापन वनविभागाकडे गेले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र स्थापन झाला आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा निर्माण झाला. १४,४१२ चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाच्छादित आहे.

‘आमच्या गावात आम्हीच सरकार’

गावाच्या जागृतीचा आरंभ ऐंशीच्या दशकातील धरणविरोधी चळवळीत झाला. गोदावरीवरील इचमपल्ली आणि इंद्रावतीवरील भोपालपट्टणम या नियोजित प्रकल्पांमुळे आदिवासी गावे व जंगल पाण्याखाली जाणार होते. बाबा आमटे, लालश्याम शाह आदींच्या नेतृत्वाखाली ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले आणि हे प्रकल्प मागे पडले. या आंदोलनातून परतलेल्या मेंढ्यातील लोकांनी आपल्याच गावाच्या कारभाराचा विचार सुरू केला. देवाजी तोफा हे गावातील कार्यकर्ते आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या प्रक्रियेशी जोडली गेली आहेत.

‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच काळात पुढे आली. तिच्यात राज्यव्यवस्थेचा नकार नाही. देशाचे व राज्याचे सरकार आपलेच आहे, हे तिच्या पहिल्या भागात मान्य केलेले आहे. गावाच्या पातळीवरचे निर्णय मात्र गावाने घ्यावेत, असे दुसरा भाग सांगतो.

या विचाराला मेंढ्याने दोन पद्धतींची जोड दिली. पहिली म्हणजे सर्वसहमती. ग्रामसभेत निर्णय बहुमताने न घेता सर्वांची संमती होईपर्यंत चर्चा केली जाते. एखाद्याचा विरोध कायम असेल, तर विषय पुढच्या सभेवर जातो. दुसरी म्हणजे अभ्यासगट. कायदा, जंगल, हिशेब अशा विषयांवर गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून माहिती घेतात. अभ्यासगट निर्णय घेत नाही, तो अधिकार ग्रामसभेचाच राहतो. बाहेरच्या तज्ज्ञाने सल्ला द्यावा, पण गावाच्या वतीने ठरवू नये, हा यामागचा संकेत आहे.

बहुमताच्या पद्धतीत लहान गट हरतो, हा अनुभव गटग्रामपंचायतीतल्या लहान गावाला नित्याचा असतो. तीच वेळ गावातील एखाद्या कुटुंबावर येऊ नये, ही काळजी सर्वसहमतीच्या आग्रहात दिसते.

कायद्याचा आधार

१९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. मात्र पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांना ही तरतूद आपोआप लागू नव्हती. तेथे ती कशी लागू करावी, याचा अभ्यास करण्यासाठी मध्य प्रदेशातील झाबुआचे तत्कालीन खासदार दिलीपसिंह भुरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. समितीने १९९५ मध्ये अहवाल दिला आणि २४ डिसेंबर १९९६ रोजी ‘पेसा’ या नावाने ओळखला जाणारा पंचायत विस्तार कायदा अस्तित्वात आला.

वस्तीच्या दृष्टीने या कायद्याची व्याख्याच महत्त्वाची आहे. परंपरा व रूढींनुसार आपला कारभार चालवणारा समाज जेथे राहतो, ती वस्ती, वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह म्हणजे गाव, असे हा कायदा मानतो. अशा प्रत्येक गावाला स्वतःची ग्रामसभा असते. गौण वनोपजाची मालकी, विकासयोजनांना मंजुरी, लाभार्थ्यांची निवड आणि पंचायतीने केलेल्या खर्चाचे प्रमाणपत्र हे विषय ग्रामसभेच्या कक्षेत येतात. गटग्रामपंचायत मोडण्याची गरज न पडता तिच्यातील प्रत्येक पाड्याला स्वतःची सभा असू शकते, असा याचा व्यावहारिक अर्थ आहे.

महाराष्ट्रात तेरा जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र असून धानोरा तालुका त्यात मोडतो. राज्याचे पेसा नियम ४ मार्च २०१४ रोजी प्रसिद्ध झाले. वस्तीतील निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव केल्यास तिला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करण्याची प्रक्रिया या नियमांत आहे आणि ठराव उपविभागीय अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय अमलात आला. ग्रामसभांचे स्वतंत्र कोष उघडण्यात आले. मध्य प्रदेशात पेसा नियम १५ नोव्हेंबर २०२२ रोजी लागू झाले.

जंगल, बांबू आणि वाहतूक परवाना

२००६ च्या वनहक्क कायद्याने दुसरा आधार दिला. या कायद्याच्या तिसऱ्या कलमात वैयक्तिक शेतजमिनीच्या हक्कांबरोबर सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन करण्याचा हक्कही आहे. दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते. वर्षानुवर्षे सभा घेत आलेल्या मेंढ्याजवळ त्यासाठी लागणारी तयारी होती. २००९ मध्ये मेंढा आणि जिल्ह्यातीलच मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. देशातील ही पहिली मान्यता होती. मेंढ्याला मिळालेले क्षेत्र १८०९.६१ हेक्टर आहे.

तथापि हक्कपत्र हाती आले तरी अडचण संपली नाही. वनहक्क कायद्यात बांबू हे गौण वनोपज आहे, पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यात त्याची गणना वृक्षात होत होती. त्यामुळे बांबूची मालकी ग्रामसभेकडे आणि त्याच्या वाहतुकीचा परवाना वनविभागाकडे, अशी स्थिती निर्माण झाली. जो माल गावाबाहेर नेता येत नाही, त्याची विक्री होत नाही. ग्रामसभेने हा मुद्दा लावून धरला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याची पुस्तिका मेंढ्याच्या ग्रामसभेला सुपूर्द करण्यात आली.

ही घटना एका गावापुरती राहिली नाही. २०१२ मध्ये वनहक्क नियमांत दुरुस्ती होऊन वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. २०१७ मध्ये वनक्षेत्राबाहेर उगवणारा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला. गडचिरोली जिल्ह्यात पुढील काळात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आणि अनेक ग्रामसभा तेंदूपान व बांबूचे लिलाव स्वतः करू लागल्या.

उत्पन्न हाती आल्यावर ग्रामसभेला हिशेबाची शिस्तही लावावी लागली. बँक खाते, पॅन क्रमांक, निविदा, मजुरीचे वाटप आणि लेखापरीक्षण ही कामे गावानेच करायची होती. रोजगार हमी योजनेच्या कामांसाठी अंमलबजावणी यंत्रणा म्हणूनही मेंढ्याच्या ग्रामसभेला मान्यता मिळाली. पंचायत नसलेले गाव अशा रीतीने पंचायतीची बरीच कामे करू लागले.

ग्रामदानाचा मार्ग

जंगलाचा प्रश्न मार्गी लागला तरी गावाचा औपचारिक दर्जा गटग्रामपंचायतीतील एक गाव असाच होता. लोकसंख्येच्या निकषावर वेगळी पंचायत मिळणे अशक्य होते. तेव्हा मेंढ्याने जवळजवळ विस्मरणात गेलेल्या एका कायद्याकडे लक्ष वळवले. तो म्हणजे महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४.

विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीचा प्रारंभ १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे झाला. पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशातील हमीरपूर जिल्ह्याच्या मंगरौठ गावाने संपूर्ण गावाची जमीन अर्पण केली आणि ग्रामदानाची कल्पना साकारली. त्यानंतर अनेक राज्यांनी कायदे केले. महाराष्ट्राच्या कायद्यानुसार गावातील किमान ७५ टक्के जमीनधारकांनी आपली मालकी गावाच्या नावे केल्यास ग्रामदान होऊ शकते. जमीन कसण्याचा आणि वारसांना तो हक्क देण्याचा अधिकार मूळ कुटुंबाकडे राहतो. जमिनीचा विसावा भाग भूमिहीनांसाठी दिला जातो आणि गावाबाहेरच्या व्यक्तीला जमीन विकता येत नाही. अशा गावाचा कारभार ग्राममंडळ पाहते आणि त्याला पंचायतीसारखे अधिकार मिळतात. या तरतुदीत लोकसंख्येची अट आड येत नाही.

मेंढ्यातील जमीनधारकांनी २०१३ मध्ये ग्रामदानाचा निर्णय घेतला. घोषणेनंतर प्रत्यक्ष अधिकार मिळण्यास मात्र विलंब झाला. प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला आणि त्यानंतर २०२४ मध्ये राज्य शासनाने मेंढ्याला ग्रामदान अधिनियमाखाली स्वतंत्र दर्जा दिला. ग्रामदानाच्या निर्णयापासून त्याच्या अंमलबजावणीपर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ लोटला.

या मार्गाची किंमतही आहे. गावाबाहेर विकता न येणाऱ्या जमिनीला तारण म्हणून मर्यादित मोल असते. शिक्षण, आजारपण किंवा व्यवसायासाठी पैसा उभा करताना पुढच्या पिढीला ही मर्यादा जाणवू शकते. जमीन बाहेरच्यांच्या हाती जाण्यापासून वाचवणे आणि तिच्या आधारे व्यक्तीला भांडवल मिळणे, या दोन गरजांत मेंढ्याने पहिलीला अग्रक्रम दिला.

इतर गावांसाठी अन्वयार्थ

लहान वस्तीच्या ग्रामसभेचे महत्त्व ओडिशातील नियमगिरी प्रकरणातही दिसले. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी दिलेल्या निर्णयानंतर रायगडा व कालाहंडी जिल्ह्यांतील बारा ग्रामसभांना बॉक्साइट खाणीबाबत विचारणा झाली. यांतील काही पाड्यांत मोजकीच घरे होती. सर्व बाराही सभांनी खाणीस नकार दिला. मोठ्या पंचायतीच्या एकाच सभेत हे पाडे विखुरले गेले असते, तर त्यांचा आवाज इतका स्पष्ट उमटला असता की नाही, हा विचार करण्याजोगा मुद्दा आहे.

मध्य प्रदेशाने २६ जानेवारी २००१ पासून ग्रामस्वराज व्यवस्था स्वीकारून पंचायतीतील प्रत्येक महसुली गावासाठी वेगळ्या ग्रामसभेची तरतूद केली. अनुसूचित क्षेत्राबाहेरही हे तत्त्व लागू करण्याचा तो प्रयत्न होता. महाराष्ट्रात अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या वाड्यांना पेसासारखे संरक्षण नाही. कोकणातील धनगरवाडा, मराठवाड्यातील तांडा किंवा सह्याद्रीतील दुर्गम वाडी यांना महसुली गावाचा दर्जा, पंचायतीचे विभाजन किंवा प्रभागातील प्रतिनिधी यांवरच अवलंबून राहावे लागते.

शहरात सामावल्या गेलेल्या भागांचे चित्र आणखी निराळे आहे. जबलपूर महापालिकेच्या हद्दीतील गोहलपूरसारख्या दाट वस्तीच्या भागात रहिवाशांचा स्थानिक कारभाराशी संबंध येतो तो नगरसेवकामार्फत. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली आहे. परंतु सर्व मतदारांची मिळून असलेली, ग्रामसभेच्या तोडीची सभा महापालिकेच्या क्षेत्रात नसते. या एका बाबतीत पाचशे वस्तीच्या मेंढ्यातील मतदाराला दहा लाखांच्या नगरातील मतदारापेक्षा थेट सहभागाची अधिक संधी आहे.

मेंढ्याच्या अनुभवाचे अनुकरण सर्वत्र जसेच्या तसे होईल, असे मानता येत नाही. गाव लहान आहे, समाज बहुतांशी एकजिनसी आहे, जंगल मुबलक आहे आणि दीर्घकाळ साथ देणारे कार्यकर्ते त्याला लाभले. जाती-जातींत विभागलेल्या, जमिनीच्या मालकीत मोठी तफावत असलेल्या गावात सर्वसहमती साधणे कितीतरी कठीण आहे. तेथे ती दुर्बलांवर दडपण आणण्याचे साधनही ठरू शकते. बांबू व तेंदूच्या बाजारभावातील चढउतार, नव्या पिढीचे शिक्षणासाठी स्थलांतर आणि वाढता कागदोपत्री व्यवहार ही आव्हाने मेंढ्यापुढेही आहेत.

तरीही एक बाब या गावाच्या वाटचालीतून ठळकपणे पुढे येते. पेसा, वनहक्क आणि ग्रामदान हे तिन्ही कायदे मेंढ्यासाठी केलेले नव्हते. ते राज्यातील पात्र अशा प्रत्येक गावाला उपलब्ध होते आणि आजही आहेत. मेंढ्याने ते वाचले, सभेत समजून घेतले आणि त्यांतील प्रत्येक तरतुदीचा पाठपुरावा केला. स्वतंत्र पंचायत मिळण्याआधी कित्येक वर्षे तेथील ग्रामसभा नियमित भरत होती, निर्णय लिहून ठेवत होती आणि हिशेब लोकांपुढे मांडत होती. शासनाचा दर्जा मिळाला तेव्हा कारभाराची घडी गावात आधीच बसलेली होती.